‘रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का?’ : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री, सार्वजनिक आरोग्य विभाग,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्या रुग्णांच्या डोक्याला किरकोळ मार लागल्यास राज्यभर एकच लेखी कार्यपद्धती लागू करणेबाबत.

मा. महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी एका तालुक्याच्या गावी फिजिशियन आहे. मागणी सुरुवातीलाच मांडतो, कारण आपल्याकडे येणारी पत्रं बहुधा पहिल्या परिच्छेदापुढे वाचली जात नसावीत. राज्यातल्या कुठल्याही सरकारी दवाखान्यात डोक्याला मार लागलेला माणूस आला, की जखम धुण्याआधी त्याला किंवा सोबतच्या नातेवाइकाला एक प्रश्न विचारला गेला पाहिजे : ‘रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का?’ उत्तर केस पेपरवर लिहिलं गेलं पाहिजे. आणि ते ‘हो’ असेल, तर पेशंट कितीही नीट बोलत-चालत असला तरी मार लागल्यापासून आठ तासांच्या आत त्याच्या मेंदूचा सीटी स्कॅन झाला पाहिजे. आज हे सगळं त्या वेळी ड्युटीवर असलेल्या माणसाच्या सवयीवर सोडलेलं आहे. ते आपल्या विभागाच्या लेखी आदेशात यावं.

हे पेशंट आता थोडेथोडके राहिलेले नाहीत. पूर्वी अँजिओप्लास्टी म्हटलं की मुंबई-पुणे गाठावं लागायचं. आता महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून जिल्ह्याच्या ठिकाणी स्टेंट बसतो, आणि माझ्या ओपीडीत स्टेंट बसलेला शेतकरी, एसटीचा निवृत्त कंडक्टर, शाळेतल्या मावशी असे सगळे येतात. योजनेने त्यांचे जीव वाचवले, हे मी मनापासून लिहितो. पण स्टेंट बसला की क्लोपिडोग्रेल किंवा टिकाग्रेलोर हे रक्त पातळ करणारं औषध सुरू होतं, जोडीला ॲस्पिरिन असतंच. ज्यांचे ठोके अनियमित पडतात, ज्यांच्या पायात गुठळी होऊन गेली आहे, त्यांना वॉर्फरिन, असिट्रोम, नाहीतर अपिक्साबान, रिवरोक्साबान, डॅबिगॅट्रान यांपैकी काहीतरी चालू असतं. लहानपणी संधिवाताच्या तापाने हृदयाची झडप खराब झालेल्या बायाही आपल्या भागात पुष्कळ आहेत. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत घडलेली झडप 1990 मध्ये पहिल्यांदा माणसाच्या हृदयात बसवली गेली, आणि यांत्रिक झडप आपल्याकडच्या गरिबाच्याही आवाक्यात आली. अशी झडप बसलेली तिशी-पस्तिशीतली बाई पुढचं सगळं आयुष्य गोळीवर असते. म्हणजे हा फक्त म्हाताऱ्यांचा प्रश्न आहे, असं समजून चालणार नाही.

आता प्रत्यक्षात काय होतं ते सांगतो. सत्तरी ओलांडलेले एक काका, दीड-दोन वर्षांपूर्वी स्टेंट बसलेला. पावसाळ्यात अंगणातल्या शेवाळावरून पाय घसरला आणि ओट्याच्या कडेवर डोकं आपटलं. शुद्ध हरपली नाही. कपाळावर खोक पडली, घरच्यांनी हळद दाबली आणि मोटारसायकलवर मध्ये बसवून दवाखान्यात नेलं. तिथे तीन टाके पडले, धनुर्वाताचं इंजेक्शन झालं, दुखतंय म्हणून कमरेत डायक्लोफिनॅक दिलं गेलं. काका डॉक्टरांशी पिकाबद्दल बोलत होते, बाहेर येऊन त्यांनी चहा मागितला. ‘काही नाही, घरी न्या’ असं सांगण्यात आलं. रात्री ते लवकर झोपले, जेवायला उठवलं तर नको म्हणाले. घरच्यांना वाटलं, दमलेत, झोपू द्यावं. पहाटे घशातून घरघर ऐकू यायला लागली तेव्हा ते हाकेला ओ देत नव्हते आणि एका डोळ्याची बाहुली मोठी झालेली होती. माझ्याकडे आणलं ते या अवस्थेत. तिथून सीटी स्कॅनपर्यंत पोहोचायला आणखी वेळ गेला. डोक्यात एका बाजूला रक्ताचा जाड थर साचून मेंदू पलीकडे सरकलेला होता. ऑपरेशन झालं. काका वाचले नाहीत.

टाके घालणाऱ्या डॉक्टरला मी दोष देत नाही. ओपीडीच्या गर्दीत, एकट्याने, एवढं नीट बोलणाऱ्या माणसाकडे बघून कुणालाही तसंच वाटलं असतं. केस पेपरवर गोळ्यांसाठी जागा नव्हती, भिंतीवर कुठली सूचना नव्हती, विचारायची पद्धतच नव्हती. आणि काकांच्या मुलाला विचारलं असतं तरी तो ‘हार्टची गोळी चालू आहे’ असंच म्हणाला असता. म्हणून प्रश्नाचे शब्दही ठरवून द्यायला हवेत.

पेशंट नीट बोलतो म्हणजे आत सगळं ठीक, असं का धरता येत नाही, हे माझ्या बिगरवैद्यकीय वाचकांसाठीही सांगतो. मेंदू आणि त्याच्यावरचं जाड आवरण यांच्यामध्ये बारीक शिरा पुलासारख्या ताणलेल्या असतात. वय वाढतं तसा मेंदू थोडा आकसतो आणि या शिरा आणखी ताणल्या जातात. मग उभ्या जागी पडून बसलेला हिसकाही एखादी शीर फाटायला पुरतो. शिरेतलं रक्त दाबाने उसळत नाही, झिरपतं. एरवी थोडं झिरपून गुठळी होते आणि ते थांबतं. गोळीवर असलेल्या माणसात ते तासन्‌तास चालू राहतं. त्यातून आकसलेल्या मेंदूभोवती मोकळी जागा जास्त, त्यामुळे बरंच रक्त साचेपर्यंत माणूस बोलतो, चालतो, चहा मागतो. जागा संपली की मेंदूवर दाब येतो आणि मग घसरण फार वेगाने होते. ग्लासगो कोमा स्केल हे शुद्ध मोजण्याचं परिमाण 1974 मध्ये मांडलं गेलं आणि आज जगभर वापरात आहे. त्यात 15 पैकी 15 गुण असणं ही त्या घडीची नोंद असते, पुढच्या सहा तासांची हमी त्यातून मिळत नाही.

कधीकधी तर ही घसरण आठवड्यांनी दिसते. पडल्याचं घरातले विसरूनही गेलेले असतात. मग आजी एकाएकी विसरायला लागतात, एक पाय ओढत चालतात, कपड्यातच लघवी होते आणि सगळे म्हणतात, वय झालं. अशा कित्येक आज्या कवटीला छोटं भोक पाडून साचलेलं जुनं रक्त काढल्यावर पुन्हा आपल्या पायांनी चालत घरी जातात. आमच्या कामात याच्याइतका आनंद देणारा निकाल विरळा. पण त्यासाठी कुणाला तरी तो महिन्याभरापूर्वीचा मार आठवावा लागतो.

उत्तर कॅलिफोर्नियातल्या काही रुग्णालयांत वॉर्फरिन किंवा क्लोपिडोग्रेल घेणाऱ्या आणि डोक्याला मार लागलेल्या 1064 जणांचा अभ्यास 2012 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातले बहुतेक जण उभ्या जागी पडलेले आणि पूर्ण शुद्धीवर होते. स्कॅन झालेल्यांत वॉर्फरिनवरच्या 5.1 टक्के लोकांच्या डोक्यात रक्तस्राव सापडला, तर क्लोपिडोग्रेलवरच्या 12 टक्के लोकांच्या. हा दुसरा आकडा आपल्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. वॉर्फरिनबद्दल डॉक्टर निदान सावध असतात, आयएनआर म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते तपासतात. क्लोपिडोग्रेलला मात्र कुणी मोजतच नाही. पेशंटच्या लेखी ती ‘हार्टची गोळी’. त्यातून बाजारात कोलेस्टेरॉलचं औषध, ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल अशी तीन औषधं एकाच कॅप्सूलमध्ये मिळतात. पेशंट सांगतो, ‘चरबीची गोळी घेतो’, आणि तो खोटं बोलत नसतो.

गोळीचं नाव कळणं हीसुद्धा एक लढाईच आहे. नातेवाईक प्लॅस्टिकच्या पिशवीतून औषधं आणतात. मी ती टेबलावर ओततो. दुकानदाराने कात्रीने कापून दिलेल्या चार-पाच गोळ्यांच्या तुकड्यांवर कंपनीच्या नावाची दोन अक्षरं, तारखेचा अर्धा भाग आणि पाठीमागची लाल रेघ उरलेली असते. औषधाचं नाव कापलेल्या तुकड्याबरोबर दुकानातच राहिलेलं असतं. मग रंगावरून, आकारावरून अंदाज बांधायचा, नाहीतर रात्री अकराला दुकानदाराला फोन लावायचा. गरिबाला पूर्ण पट्टी परवडत नाही, हे मला कळतं. पण रक्त पातळ करणाऱ्या औषधाची पट्टी कापून देताना पुडीवर औषधाचं नाव ठळक लिहून द्यावं, एवढं अन्न व औषध प्रशासनाशी बोलून आपण करू शकता. ब्रिटनमध्ये अशा पेशंटला पिवळी पुस्तिका आणि खिशात ठेवायचं सूचना-कार्ड मिळतं. आपल्याकडे स्टेंट किंवा झडप योजनेतून बसवली, की डिस्चार्ज कार्डाबरोबर मराठीत छापलेलं असं एक कार्ड का देता येऊ नये? ते आधार कार्डाच्या प्लॅस्टिकच्या पाकिटात पाठीमागे बसेल एवढंच असावं. आधार कार्ड माणूस घरी विसरत नाही.

आठ तासांची मर्यादा मी मनाने काढलेली नाही. ब्रिटनच्या नाईस या संस्थेने 2014 च्या मार्गदर्शक सूचनांत वॉर्फरिनवरच्या पेशंटचा, दुसरं कुठलंही लक्षण नसलं तरी, आठ तासांच्या आत स्कॅन करावा असं सांगितलं. 2023 मध्ये सूचना सुधारल्या तेव्हा रक्त गोठू न देणारी इतर औषधं आणि क्लोपिडोग्रेलसारखी औषधंही त्यात घेतली, एकटं ॲस्पिरिन घेणाऱ्यांना वगळलं, आणि शब्दरचना थोडी सैल केली : लक्षणं नसतील तर स्कॅनचा ‘विचार करावा’. आठ तास उलटून गेल्यावर आलेल्यासाठी तो तासाभरात. आपल्या विभागातले तज्ज्ञ या सैल शब्दाकडे बोट दाखवतील, आणि ते बरोबरही आहे. शंभरातल्या नव्वदच्या आसपास स्कॅन नॉर्मल येणार, त्यात खर्च आहे, किरणोत्सर्ग आहे, मशीनवर ताण आहे. पण स्कॅन टाळून घरी लक्ष ठेवायला सांगणं ब्रिटनमध्ये शक्य आहे, कारण बिघडलं तर ॲम्ब्युलन्स लवकर येते आणि जवळच्या रुग्णालयात मशीन असतं. आमच्या वाड्या-वस्त्यांवरून पावसाळ्यात मध्यरात्री निघालेला माणूस जिल्ह्याला पोहोचेपर्यंत उजाडतं. घरी लक्ष कोण ठेवणार? स्वतः गुडघ्यांनी बेजार असलेली म्हातारी बायको. म्हणून स्कॅन दूर असलेल्या भागात हा नियम अधिक कडक हवा, असं माझं ठाम मत आहे. एकटं ॲस्पिरिन घेणाऱ्यांबाबत वय, उलटी, डोकेदुखी, शुद्ध हरपणं हे बघून डॉक्टरने ठरवावं. सरसकट सगळ्यांना पाठवा, असं मी म्हणत नाही.

आणखी एक गोष्ट तरुण डॉक्टरांच्या ध्यानात आणून द्यायला हवी. स्कॅन करायचा की नाही हे ठरवण्यासाठी अनेक जण मोबाईलवर कॅनडाचा 2001 चा नियम उघडतात. नियम उत्तम आहे, पण तो तयार करताना वॉर्फरिनसारखी रक्त पातळ करणारी औषधं घेणारे पेशंट अभ्यासातून वगळले होते. ज्यांच्यासाठी तो बनलाच नाही, त्यांच्यावर तो लावून ‘गरज नाही’ असा निष्कर्ष काढला जातो. तसंच आयएनआरचं. तो वॉर्फरिन आणि असिट्रोमसाठी उपयोगी. अपिक्साबान घेणाऱ्याचा आयएनआर नॉर्मल आला तरी त्याचं रक्त नेहमीसारखं गोठतं असा अर्थ होत नाही, आणि क्लोपिडोग्रेलचा तर आयएनआरशी संबंधच नाही.

पैशांचं म्हणाल, तर 15 ऑगस्ट 2023 पासून आपल्या विभागाच्या रुग्णालयांत तपासण्या आणि उपचार मोफत झाले आहेत. जिल्हा रुग्णालयापर्यंत पोहोचलेल्या माणसाला स्कॅनसाठी खिशात हात घालावा लागत नाही. अडतं ते पोहोचण्यात. 108 वर फोन लावला की पेशंट शुद्धीवर आहे का, श्वास घेतोय का हे विचारतात. त्या यादीत डोक्याच्या मारासाठी गोळीचा प्रश्न घाला. आणि उत्तर ‘हो’ आलं, तर गाडी जवळच्या ग्रामीण रुग्णालयात टाके घालायला न थांबता, घट्ट पट्टी बांधून थेट चालू सीटी मशीन असलेल्या ठिकाणी जाईल असं ठरवा. ‘चालू’ हा शब्द मी मुद्दाम वापरला आहे. मशीन रात्री सुरू आहे का, तंत्रज्ञ हजर आहे का, हे 108 च्या नियंत्रण कक्षाला रोज संध्याकाळी कळलं पाहिजे. नाहीतर पेशंट तिथवर जातो आणि पुन्हा दुसरीकडे पाठवला जातो, आठ तास रस्त्यावरच संपतात.

स्कॅनमध्ये रक्तस्राव दिसला तर पुढे काय, याचीही तयारी जिल्ह्याला हवी. वॉर्फरिन आणि असिट्रोमचा परिणाम उतरवायला व्हिटॅमिन के शिरेतून सावकाश द्यावं लागतं. व्हिटॅमिन के प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राच्या बाळंतपणाच्या खोलीत असतंच, जन्मलेल्या प्रत्येक बाळाला एक मिलिग्रॅम दिलं जातं. मोठ्या माणसासाठी दहा मिलिग्रॅमची कुपी लागते, ती मात्र अपघात विभागाच्या कपाटात शोधावी लागते. आणि के चा परिणाम यायला काही तास जातात, तोपर्यंत गोठवणारे घटक बाहेरून द्यावे लागतात : प्रोथ्रॉम्बिन कॉम्प्लेक्स असेल तर उत्तम, नसेल तर रक्तपेढीतला प्लाझ्मा. प्रोथ्रॉम्बिन कॉम्प्लेक्स महाग आहे. प्रत्येक तालुक्यात ठेवा असं मी म्हणणार नाही, पण जिथे मेंदूची शस्त्रक्रिया होते अशा प्रत्येक सरकारी रुग्णालयात दोन-तीन पेशंटपुरता साठा कायम असावा. डॅबिगॅट्रानचा उतारा 2015 पासून जगात उपलब्ध आहे. तो विभागीय पातळीवर कुठे मिळेल, ते किमान फोनवर सांगता आलं पाहिजे.

पहिला स्कॅन नॉर्मल आला की बहुतेकांना घरी सोडता येतं. वर सांगितलेल्या कॅलिफोर्नियातल्या अभ्यासात पहिला स्कॅन नॉर्मल आलेल्या वॉर्फरिनवरच्या 687 जणांपैकी पुढच्या दोन आठवड्यांत चौघांच्या डोक्यात रक्तस्राव सापडला. म्हणजे धोका लहान आहे, पण आहे. अशा पेशंटसाठी घरी न्यायचा कागद मोठ्या अक्षरांत, मराठीत असावा : डोकेदुखी वाढली, उलटी झाली, बोलणं जड झालं, हात किंवा पाय लुळा वाटला, नेहमीच्या वेळी उठवूनही नीट जाग येत नसेल, तर उजाडायची वाट न बघता 108. दुखण्याला फक्त पॅरासिटामॉल घ्यावं; डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेन घेऊ नये. दुसऱ्या दिवशी आशाताईंनी एकदा घरी जाऊन यावं आणि महिन्याभराने पुन्हा चौकशी करावी. आशाताईंवर आधीच कामाचा डोंगर आहे, म्हणून या दोन भेटींचा मोबदला त्यांना स्वतंत्र मिळावा.

हे सगळं लोकांपर्यंत नेताना एक काळजी घ्यावी लागेल, आणि मला तिची खरी धास्ती आहे. ‘रक्त पातळ करायची गोळी घेतली तर डोक्यात रक्त होतं’ एवढंच गावात पसरलं, तर माणसं गोळ्या बंद करतील. यांत्रिक झडपेची बाई असिट्रोम सोडते आणि झडप गुठळीने अडकते, हे आम्ही बघितलेलं आहे. नवा स्टेंट बसलेल्याने क्लोपिडोग्रेल सोडलं तर स्टेंट बंद होऊन पुन्हा हार्ट अटॅक येतो. म्हणून जाहिरातीत, भित्तिपत्रकावर, आकाशवाणीवर, जिथे जिथे हे सांगाल तिथे त्याच वाक्यात सांगावं : गोळी मनाने बंद करू नका, मार लागला तर लगेच दाखवा. गोळी किती दिवस थांबवायची आणि पुन्हा कधी सुरू करायची, हे स्कॅन बघून डॉक्टर ठरवतील.

हे अवघड नाही, हे मी बघितलं आहे. झडप बसलेली एक बाई गोठ्याच्या चौकटीला डोकं आपटून ग्रामीण रुग्णालयात आली. साधं टेंगूळ होतं. तिथल्या सिस्टरांनी पट्टी करता करता गळ्याखालचा ऑपरेशनचा उभा व्रण बघितला आणि गोळ्यांचं विचारलं. तासाभरात गाडी निघाली. स्कॅनमध्ये रक्ताची बारीक रेघ होती. तिला व्हिटॅमिन के आणि प्लाझ्मा दिला गेला, दुसऱ्या दिवशी पुन्हा स्कॅन झाला, रेघ वाढलेली नव्हती. ऑपरेशन लागलं नाही. काही दिवसांनी हृदयाच्या डॉक्टरांच्या सल्ल्याने असिट्रोम पुन्हा सुरू झाली. सिस्टरांच्या त्या नजरेला माझा नमस्कार. पण व्रण दिसला नसता तर? त्याच वॉर्डात त्या दिवशी दुसरी सिस्टर असती तर?

त्यासाठीच परिपत्रक हवं. अपघात विभागाच्या केस पेपरवर एक रबरी शिक्का पुरेसा आहे : मार लागल्याची वेळ, गोळी चालू आहे का, औषधाचं नाव, शेवटचा डोस कधी घेतला, स्कॅनसाठी रवाना किती वाजता. सगळ्या राज्यात एकदम जमणार नसेल तर डोंगराळ भागातल्या एखाद्या जिल्ह्यापासून सुरुवात करावी, जिथे अंतर हीच मोठी अडचण आहे. सहा महिन्यांत किती पेशंटना प्रश्न विचारला गेला, किती जण आठ तासांत स्कॅनपर्यंत पोहोचले आणि जे पोहोचले नाहीत ते कुठे अडकले, हे त्या शिक्क्यांवरूनच कळेल. आमच्या तालुक्यातले डॉक्टर परिपत्रकाचा आणि घरी न्यायच्या कागदाचा मराठी मसुदा करून द्यायला तयार आहेत. आपल्या विभागाकडून लेखी उत्तर यावं, ही विनंती.

आपला विश्वासू,
तालुक्याच्या गावी काम करणारा एक फिजिशियन